शंभर एमबीपीएसचं पॅम्फ्लेट आणि गल्लीतला खांब

या आठवड्याचा भाग ऐकायला वेळ नसेल, तर हा घ्या लेखी अवतार. बोललो तेच आहे, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत.

विषय डोणगावहून आला. डोणगाव म्हणजे बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका, मेहकरहून मालेगावकडे जाताना रस्त्यात लागतं ते. तिथल्या एका श्रोत्यानं व्हॉइस मेसेज पाठवला. पुण्यातली कंपनी त्याला घरून काम करू द्यायला तयार आहे, पण अट अशी की मीटिंगमध्ये नेट पडता कामा नये. जमलं तर पुण्याचं खोलीभाडं आणि मेस वाचेल, सोयाबीनच्या हंगामात घरी एक माणूस जास्तीचा असेल. नाही जमलं तर बॅग भरायची. त्याच्यासमोर तीन पर्याय आहेत: गावातल्या केबलवाल्याचं फायबर, बीएसएनएलचं फायबर आणि गच्चीवर डबा लावून मिळणारं फाइव्ह-जी एअरफायबर. केबलवाला म्हणतो, वर्षाचे पैसे एकदम भर, दोन महिने फुकट देतो. प्रश्न एका ओळीचा होता: “दादा, शंभरचा घेऊ का दोनशेचा?”

मी त्याला म्हटलं, स्पीड सगळ्यात शेवटी बघू.

पण स्पीडचं गणित आधीच उरकून टाकतो, कारण ते सोपं आहे. एमबीपीएसमधला ‘बी’ म्हणजे बिट, आणि आपण फाइल मोजतो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबीनं होतं. कंपनी फसवत नाही, एकक वेगळं आहे. आता गरज बघा. फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ च्या आसपास, व्हिडिओ मीटिंगला तीन-चार. घरात एक जण मीटिंगमध्ये, एक जण एमपीएससीचा क्लास बघतोय, आई टीव्हीवर मालिका लावून बसलीये, एक पोट्टं बीजीएमआय खेळतंय, असं सगळं एकाच वेळी धरलं तरी २०–२५ च्या वर जात नाही. म्हणजे चार-पाच माणसांच्या घराला खरोखर मिळणारे ४०–५० एमबीपीएस पुष्कळ झाले. ‘खरोखर मिळणारे’ हे शब्द महत्त्वाचे.

आणि अपलोड विचारा. पॅम्फ्लेटवर मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोड. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडवरून. कोडची मोठी फाइल ढकलायची असेल किंवा सीसीटीव्ही कॅमेरा क्लाउडवर लावला असेल तर तिथेही अपलोडच लागतो. फायबरच्या बऱ्याच प्लानमध्ये तो डाउनलोडइतकाच मिळतो. वायरलेसमध्ये तो बहुतेक वेळा कमी असतो. समोरच्याला तुमचा आवाज रोबोटसारखा येतोय आणि तुम्हाला मात्र सगळं छान ऐकू येतंय, असं झालंय ना कधी? तो अपलोडचा प्रताप.

आता ‘अनलिमिटेड’. या शब्दाला छोट्या अक्षरांतली शेपटी असते. जिओफायबरनं २०२० मध्ये ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा अनलिमिटेड प्लान आणला, त्यालाही महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा होती. फायबरमध्ये हा ३.३ टीबीचा आकडा बऱ्याच कंपन्यांकडे दिसेल. त्याची काळजी करू नका, घरगुती वापरात तो संपत नाही. एअरफायबरची गोष्ट वेगळी. जिओ एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी सुरू झालं, तेव्हा त्याच्या नेहमीच्या प्लानना महिन्याला १ टीबीची मर्यादा होती. म्हणजे किती? फुल एचडीचा एक तास साधारण सव्वादोन जीबी खातो. १,००० जीबीत असे ४४४ तास बसतात, म्हणजे रोज पावणेपंधरा तास. पुरेसं आहे. पण फोर-के टीव्ही असेल तर तेच रोज पाच तासांवर येतं, आणि एकत्र कुटुंबात दोन टीव्ही चालू असतील तर महिनाअखेर नेट रांगायला लागेल. म्हणून विचारायचं ते असं: मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती उरतो?

पैशांकडे येऊ. पॅम्फ्लेटवरचा आकडा बहुतेकदा जीएसटी सोडून असतो, आणि ब्रॉडबँडवर जीएसटी १८ टक्के. ४९९ चा प्लान हातात पडतो ५८८ रुपये ८२ पैशांना. वर इन्स्टॉलेशन, राउटरचं डिपॉझिट, वायर लांब असेल तर मीटरमागे पैसे. एक उदाहरण घेऊ, आकडे माझेच. पहिला प्लान ४९९ चा, इन्स्टॉलेशन सगळं धरून १,५००. दुसरा ६९९ चा, इन्स्टॉलेशन फुकट. वर वर बघता महिन्याला २०० चा फरक. वर्षाचा हिशेब कर धरून केला तर पहिला पडतो ८,५६६ ला आणि दुसरा ९,८९८ ला. बारांनी भागलं की फरक उरतो महिना १११ रुपये. दुसऱ्यासोबत ओटीटी फुकट आहे म्हणून लगेच हुरळू नका, ते ॲप तुम्ही एरवी पैसे देऊन घेतलं असतं का, हे बघा. घेतलं नसतं तर त्याची किंमत शून्य धरा. माझा तरी हाच नियम आहे.

इथपर्यंतचं सगळं गणित कुठल्याही तुलना करणाऱ्या वेबसाइटवर मिळतं. डोणगावसारख्या गावात निकाल लागतो पुढच्या गोष्टीवर.

तुमच्या घरातला पांढरा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तिथून एक बारीक काळी वायर खांबाखांबावरून जाते आणि गल्लीतल्या एका छोट्या पेटीत शिरते. त्या पेटीत स्प्लिटर असतो. एकाच फायबरमधला प्रकाश तो ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. जीपीओएन नावाच्या नेहमीच्या पद्धतीत त्या एका फायबरवर येताना साधारण अडीच गिगाबिट वेग असतो, म्हणजे गल्लीत भांडण व्हायचं फारसं कारण नाही. भांडण होतं त्याच्या मागे. गावातल्या ऑपरेटरनं बाहेरून जी मोठी लाइन घेतलेली असते, ती किती आणि तिच्यावर गिऱ्हाइकं किती? सकाळी १०० दाखवणारी लाइन रात्री नऊला १२ वर येते ती यामुळे. म्हणून शेजाऱ्याकडे स्पीड टेस्ट करायची ती रात्री आठ ते अकरामध्ये. केबलवाला सकाळी येऊन डेमो दाखवतो, तो पाहून घ्या आणि सोडून द्या.

दुसरं म्हणजे ही वायर जमिनीत नसते, डोक्यावर असते. कापसाची गाडी उंच भरून आली, माकडांनी उड्या मारल्या, नळाच्या पाइपसाठी जेसीबी लागला, वळवाच्या पावसात फांदी पडली, की डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा लागला की राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, कारण प्रकाशच पोचत नाहीये. माणूस खांबावर चढायला हवा. तो माणूस कोण, कुठे राहतो आणि किती तासांत येतो, यावर तुमची नोकरी अवलंबून आहे. माझ्या घरी एकदा पावसात लाल दिवा लागला तेव्हा फोनवरून उत्तर आलं, “भाऊ, पावसात कोन चढते खांबावर?” बरोबरच होतं त्याचं, विजेच्या तारा बाजूलाच असतात. पण पाऊस थांबल्यावरही तो चौथ्या दिवशी उगवला, ते नाही पटलं.

यात एक गंमत आहे. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार महसूल वाटून चालवतात. म्हणजे पावतीवर नाव सरकारी कंपनीचं आणि खांबावर चढणारा गावातलाच. त्यामुळे ‘बीएसएनएल चांगलं की वाईट’ या प्रश्नाला अख्ख्या जिल्ह्यासाठी एक उत्तर नसतं, प्रत्येक गल्लीचं उत्तर वेगळं. भारतनेटचंही तसंच. २०११ मध्ये मंजूर झालेली ही योजना फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेते, पण ग्रामपंचायतीपासून तुमच्या ओसरीपर्यंतचा शेवटचा तुकडा कुणीतरी ओढावाच लागतो.

तिसरी गोष्ट लाइन, म्हणजे आपल्याकडची वीज. घरचा राउटर आणि ओएनटी मिळून दहा-पंधरा वॉट खातात, त्यांच्यासाठी छोटा राउटर-यूपीएस मिळतो, दोन-चार तास आरामात चालतो. पण ऑपरेटरच्या खोलीतलं यंत्र बंद पडलं तर तुमचा यूपीएस शोभेचा. म्हणून त्याला सरळ विचारा: “लाइन गेली तर तुमचं मशीन किती तास चालते?” जो तासांत उत्तर देतो, बॅटरी दाखवतो, तो बरा. जो “आपल्याकडे लाइन जातच नाही” म्हणतो, त्याच्याकडून नेट घेऊ नका.

एअरफायबरला वायर तुटायची भीती नाही, हा त्याचा मोठा गुण. पण समोरच्या टॉवरवर फाइव्ह-जी हवं, गच्चीवरून टॉवरची दिशा मोकळी हवी, आणि तोच टॉवर गावातल्या सगळ्या मोबाइलनाही सांभाळतो, हे लक्षात ठेवा. कोणत्या कंपनीचं नेटवर्क कुठपर्यंत पोचतं याचा नकाशा आता कंपन्यांच्या वेबसाइटवर असतो, तो आधी बघा. उपग्रहाचं नेट येतंय म्हणून थांबू का, असंही काही जण विचारतात. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात शेजारचा वाशीम जिल्हा आहे. पण इरादापत्रावर मीटिंग चालत नाही.

कनेक्शन घेतल्यावर ‘१०० चे ३०च दिसतात’ अशी तक्रार करण्याआधी एक करा. फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा, राउटरच्या खोलीतच उभे राहा आणि मग मोजा. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे जाते, पण वेग कमी देते. जुन्या घराच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीपुढे दोन्ही हात टेकतात. कामाच्या टेबलापर्यंत साधी लॅन केबल ओढली तर निम्मा वैताग मिटतो.

तक्रारीचे नियमही माहीत असू द्या. ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची तरतूद त्यात आहे. त्यासाठी तक्रार कंपनीच्या नंबरवर किंवा ॲपवर नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. ‘भाऊला फोन केला होता’ याची नोंद कुठेच नसते. तिथे दाद लागली नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय स्वतः एकेकट्याची तक्रार सोडवत नाही.

मग त्या डोणगावच्या मित्राला काय सांगितलं? वर्षाचे पैसे भरू नको. दोन महिने फुकट मिळतात ते सोड. त्याच्या गल्लीत ज्याचा माणूस लवकर येतो, त्याचं ५० चं फायबर महिन्याच्या हप्त्यानं घे. आणि मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव, म्हणजे लाल दिवा लागलाच तर हॉटस्पॉटवर मीटिंग तरी पार पडेल. रोजच्या २ जीबीत फुल एचडीचा एक तासही बसत नाही, पण कॅमेरा बंद ठेवून नुसत्या आवाजावर तेवढा डेटा दिवसभर पुरतो. पावसाळ्याचा एक महिना असा काढ, किती वेळा पडलं ते वहीत लिही, आणि मग ठरव वर्षाचं.

त्याचं उत्तर आलं: शेजारच्या तिघांना विचारलंय, तिघांनीही एकाच माणसाचं नाव सांगितलं. कंपनीचं नाव मात्र तिघांनाही आठवेना.