मुंबईचे ताट

धानाच्या मुलखातून मुंबईस गेलो की आपण राणीची बाग पाहतो, चौपाटी पाहतो. उपाहारगृहाकडे मात्र केवळ भूक भागविण्याची जागा म्हणून बघतो. वस्तुतः शहरात कोण, कोठून आणि कशासाठी आले, हे तेथील ताटातच वाचावयास मिळते.

धोबीतलावला कयानी कंपनीत ब्रून-मस्का व चहा घ्यावा. १९०४ सालचे हे दुकान. इराणातून पोट भरण्यासाठी आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी अशी दुकाने थाटली. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे. तेथील बेरी-पुलावातील आंबट बेरी इराणचीच. पुढे लोकलने माटुंग्यास उतरावे. ए. रामा नायक यांनी १९४२ साली स्थानकाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. केळीच्या पानावरील तेथला भात आपणांस परका वाटत नाही.

तथापि या शहराचे खरे पोट भरले ते घरगुती खाणावळींनी. गिरणगावात कोकणातून, घाटावरून कामगार एकटेच आले. त्यांना महिन्याच्या बोलीवर बाया जेवू घालीत. पैसे मिळत पगार झाल्यावर; तोवर शिधा उधारीचा, म्हणून सावकाराचा फास. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि या बायांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली.

आपल्या ब्रह्मपुरीतही शिकावयास आलेली मुले खाणावळीत जेवतात. मुंबईहून परतल्यावर आपण एवढे तरी विचारू या : आपल्या येथे चूल पेटविणारी बाई कोणाच्या देण्यात तर नाही?