पडद्यावर अचानक पाहुणा येतो, तो कसा?

2014 साली आलेल्या ‘लय भारी’त रितेश देशमुखची गोष्ट रंगात आलेली असते आणि मध्येच समोर उभा राहतो सलमान खान. थिएटरात शिट्ट्या पडतात, आपण शेजाऱ्याला कोपराने ढोसतो आणि थोड्या वेळाने तो निघूनही जातो. हे सहज घडल्यासारखं वाटतं, पण त्यामागे बरीच तयारी असते.

ती समजून घ्यायला आता आणखी एक कारण आहे. बोदवड, भुसावळ, जामनेर भागात लेवा गणबोलीत, तावडीत लघुपट आणि गाणी करणारी मुलं वाढली आहेत. आपल्याही व्हिडिओत एखादा नामवंत चेहरा दिसावा असं त्यांना वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून अगदी पहिल्या पायरीपासून पाहू.

ओळखीच्या माणसाने सिनेमात थोडा वेळ येऊन जाणं, याला आपल्याकडे पाहुणा कलाकार म्हणतात. कॅमिओ तो हाच. पाहुणा एखादं छोटं पात्र रंगवतो, नाहीतर स्वतःच्याच नावाने येतो. दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण प्रेक्षकाला तो माणूस आधीच ठाऊक असतो.

सुरुवात कागदावर होते. पाहुणा कशासाठी येणार, हे पटकथेत, म्हणजे प्रसंगवार लिहिलेल्या कथेत, आधी ठरावं लागतं. हृषीकेश मुखर्जींचा ‘गुड्डी’ (1971) आठवा. शाळकरी गुड्डी पडद्यावरच्या धर्मेंद्रवर जीव लावून बसलेली. मग खुद्द धर्मेंद्र धर्मेंद्र म्हणूनच येतो, आणि मारामारीत उड्या मारणारा दुसराच कोणी असतो, हे तिला स्टुडिओत दिसतं. मोजून पाहिलं तर धर्मेंद्रचं काम पाहुण्यापेक्षा मोठं आहे, पण नामवंताला त्याच्याच नावाने कसं वापरावं हे शिकायला याहून चांगला सिनेमा मला ठाऊक नाही. त्याला काढलं तर गोष्टच उरत नाही.

मराठीत ‘एबी आणि सीडी’ने (2020) हाच मार्ग धरला. विक्रम गोखले यांनी रंगवलेले चंद्रकांत देशपांडे हे घरात दुर्लक्षित झालेले म्हातारे गृहस्थ. ते अमिताभ बच्चन यांचे शाळासोबती, हे कळताच घरच्यांचं वागणं पालटतं. इथे अमिताभ यांच्या जागी दुसरा कोणी चाललाच नसता.

बहुतेक चूक याच पायरीवर होते. चेहरा आधी मिळतो आणि प्रसंग मागाहून चिकटवला जातो. आपण एक कसोटी लावावी: पाहुणा काढून टाकला तर काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल, तर तो प्रसंग निदान छोटा ठेवावा. ‘लय भारी’तला सलमान तसा काढता येतो, पण तो मेजवानीसारखा येतो आणि वेळेत जातो, म्हणून खटकत नाही.

पुढची पायरी विचारण्याची. मोठा कलाकार छोट्या कामाला बहुतेक वेळा ओळखीखातर होकार देतो. रितेश आणि सलमान यांची मैत्री सगळ्यांना माहीत आहे. रितेशने स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘वेड’च्या (2022) एका गाण्यातही सलमान आला. मात्र मैत्री असली तरी लेखी करार हवाच. किती तास, कोणते कपडे, जाहिरातीत चेहरा वापरायचा की नाही, हे त्यात लिहिलेलं असावं. आपल्या गावातले कीर्तनकार, खेळाडू किंवा गायक व्हिडिओत येणार असतील तरी एका पानाचं संमतीपत्र सही करून घ्यावं. तोंडी बोलण्यावर पुढे वाद होतात.

मग तारीख. पाहुण्याचे मोजकेच तास हातात असतात, म्हणून बाकी सगळं आधी तयार लागतं. समजा, बोदवड स्टेशनच्या फलाटावर प्रसंग घ्यायचा आहे. रेल्वेची परवानगी आधी लागते, ती त्या दिवशी धावपळ करून मिळत नाही. गाड्यांच्या वेळा पाहून ठेवाव्या लागतात, नाहीतर मालगाडी धडधडत गेली की संवाद वाया जातो. गर्दीचाही विचार करावा. नामवंत येणार ही बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष चित्रीकरण. इथली एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. पडद्यावर एकमेकांशी बोलणारी दोन माणसं पुष्कळदा एका दिवशी एका जागी नसतातच. आधी पाहुण्याचं बोलणं घेतात. त्याच्यासमोर पाठमोरा उभा असतो नायकाच्या उंचीचा, त्याच्याच कपड्यांतला दुसरा माणूस. आपल्याला त्याचा फक्त खांदा दिसतो. दुसऱ्या दिवशी नायकाचं बोलणं घेतात, तेव्हा पाहुण्याचा खांदा दुसऱ्याच कुणाचा असतो. सेटवर याला चीट शॉट म्हणतात, म्हणजे एकत्र नसलेल्यांना एकत्र दाखवणं.

हे फसतं ते नजरेवरून. पाहुणा कॅमेऱ्याच्या डावीकडे बघत बोलला, तर नायकाने उजवीकडे बघायला हवं. दोघेही एकाच बाजूला पाहू लागले की ते तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. नजरेची उंचीही जुळावी लागते. दुसरा घोटाळा उन्हाचा. एकाच्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चारचं, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण जाणवतं. म्हणून पहिल्या दिवशीच वेळ, सावलीची दिशा आणि कपड्यांचे फोटो टिपून ठेवावेत.

संकलनात, म्हणजे तुकडे जोडताना, पाहुणा कुठे बसवायचा हे ठरतं. आल्फ्रेड हिचकॉक स्वतःच्या सिनेमांत क्षणभर दिसायचा. लोक गोष्ट सोडून त्यालाच शोधू लागले, तेव्हा तो सुरुवातीलाच येऊन जाऊ लागला. ‘लाइफबोट’ (1944) जवळजवळ सगळा एका होडीत घडतो. तिथे तो वर्तमानपत्रातल्या बारीक होण्याच्या औषधाच्या जाहिरातीत दिसतो. आपणही ध्यानात ठेवावं: गंभीर प्रसंगाच्या ऐन मध्यात नामवंत आणला, तर टाळ्यांत तो प्रसंग बुडतो.

हल्ली एक आडवाट निघाली आहे. संगणकाकडून नटाचा आवाज किंवा चेहरा बनवून घेतात आणि पाहुणा म्हणून लावतात. हे करू नये. अमिताभ बच्चन यांचं नाव, आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय वापरण्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये मनाई केली; गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तसाच आदेश दिला. कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवला असेल, तर तोही न विचारता लघुपटात घालू नये.

शेवटची पायरी आपल्या हातात आहे. काही वेळा पाहुण्याचं नाव पोस्टरवर मुद्दाम देत नाहीत, कारण सगळी गंमत ते न कळण्यात असते. पहिल्या खेळाला गेलेला कुणी तो तुकडा मोबाइलवर टिपून स्टेटसला ठेवतो आणि बाकीच्यांची गंमत जाते. 2023 च्या दुरुस्तीनंतर थिएटरात सिनेमाचं असं चोरटं चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा भुसावळला किंवा जळगावला सिनेमा बघून आलात, तर पाहुणा कोण होता हे घरच्यांनी सिनेमा बघेपर्यंत कृपया सांगू नका.