झाडाचा चीक आणि विमानाचं चाक

विमान धावपट्टीला टेकतं त्या क्षणी त्याची चाकं फिरत नसतात. प्रवासी विमानाचा वेग तेव्हा तासाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि चाकाचा शून्य. टायर थोडं अंतर फरफटतो, धूर उडतो, मग चाक वेग पकडतं. उंचावरची कडाक्याची थंडी सोसून आलेल्या त्या टायरवर एका झटक्यात कित्येक टनांचा भार आणि प्रचंड उष्णता येते. हे झेलणारं रबर मुख्यतः झाडाच्या सालीतून पाझरलेलं असतं. कृत्रिम रबराचे इतके प्रकार हाताशी असूनही या कामावरून झाडाला हटवणं रसायनशास्त्राला जमलेलं नाही.

हे झाड मूळचं अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं. आपल्याकडे त्याचं मोठं घर केरळ. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या डोंगरउतारांवरही केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी त्याच्या बागा उभ्या केल्या आहेत. चीक काढायचं काम पहाटे चालतं, कारण गारव्यात झाडाच्या आतला दाब जास्त असतो आणि चीक भरपूर वाहतो. खोडावर तिरकी खाच घेत सालीचा अगदी पातळ पापुद्रा काढतात. खाच उथळ राहिली तर चीक कमी मिळतो. खोल गेली तर आतला वाढीचा थर दुखावतो आणि साल पुन्हा नीट धरत नाही. मिलिमीटरभराच्या या अंदाजावर बागेचं आयुष्य ठरतं, म्हणून हे काम सवयीच्या हातालाच देतात. करवंटीत किंवा वाटीत जमलेल्या पांढऱ्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर असतं. त्यात फॉर्मिक आम्ल घातलं की तो साकळतो, मग त्याच्या लाद्या लाटून धुरीच्या खोलीत सुकवतात.

रासायनिकदृष्ट्या रबर म्हणजे आयसोप्रीन या छोट्या रेणूची लांबच लांब साखळी. आयसोप्रीनमध्ये कार्बनचे पाच आणि हायड्रोजनचे आठ अणू असतात आणि एका साखळीत असे हजारो रेणू जोडलेले असतात. महत्त्व आहे ते जोडणीच्या दिशेला. रबराच्या झाडात प्रत्येक जोड एकाच बाजूने वळतो, त्याला ‘सिस’ रचना म्हणतात. गट्टापर्चा नावाच्या दुसऱ्या झाडाच्या चिकात तेच अणू उलट्या बाजूने जोडले जातात, आणि पदार्थ कडक होतो. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांना वेष्टण होतं ते या गट्टापर्चाचं.

‘सिस’ साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. रबर ताणलं की त्या सरळ होतात. सोडलं की उष्णतेने सतत थरथरणारे अणू त्यांना पुन्हा गुंत्याकडे ओढतात. रबराचा ताण येतो तो या हालचालीतून. जाडसर रबरबँड झटकन ताणून ओठाला लावला तर कोमट लागतो, सैल सोडला तर गार. ताणलेल्या रबराला उष्णता दिली तर ते आणखी आकसतं. इंग्लंडच्या जॉन गॉफने १८०५ मध्ये हे नोंदवलं, तेव्हा साखळ्यांची कल्पनाही कुणाला नव्हती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी ती १९२० मध्ये मांडली, बरीच वर्षं विरोध सोसला, आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

नुसता चीक मात्र उपयोगाचा नव्हता. उन्हाळ्यात तो चिकट होई, थंडीत तडकून जाई. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यात एका वेलीचा रस मिसळून उसळते चेंडू बनवले होते. टिकाऊ उपाय सापडला तो १८३९ मध्ये, अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला. गंधक मिसळलेलं रबर तापल्यावर वितळायच्या ऐवजी चिवट झालं. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात, त्यामुळे त्या एकमेकींवरून घसरून जात नाहीत. गंधक थोडं असेल तर लवचिक रबर मिळतं, तीसेक टक्के असेल तर पेनांसाठी वापरतात तो टणक एबोनाइट. या शोधावर अवघा वाहनउद्योग उभा राहिला. गुडइयर मात्र १८६० मध्ये कर्जात बुडालेला असतानाच वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि तिचा त्याच्या घराण्याशी काहीच संबंध नव्हता.

कृत्रिम रबराला खरा रेटा दिला युद्धाने. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकले आणि अमेरिकेचा जवळपास नव्वद टक्के रबरपुरवठा तुटला. स्टायरीन आणि ब्युटाडाईन यांच्यापासून रबर करण्याची रीत जर्मनांनी आधीच शोधली होती. अमेरिकेने ती इतक्या झपाट्याने वाढवली की १९४५ मध्ये महिन्याला सुमारे सत्तर हजार टन माल निघत होता.

आज प्रत्येक कृत्रिम रबराचं आपलं काम आहे. नायट्राईल तेलाला दाद देत नाही, म्हणून इंजिनाच्या ऑइल सीलमध्ये आणि डॉक्टरांच्या हातमोज्यांत ते असतं. ब्युटाईलमधून हवा फारशी निसटत नाही, म्हणून ते ट्यूबसाठी. सिलिकोन मोठी उष्णता सोसतं. रबर चुकीच्या परिस्थितीत वापरलं तर काय होतं, हे २८ जानेवारी १९८६ ला दिसलं. थंडीने ताठरलेली रबरी रिंग फट वेळेवर बुजवू शकली नाही आणि चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झालं.

मग विमानाला झाडाचंच रबर का? ते खूप ताणलं की त्याच्या एकसारख्या साखळ्या रांगेत बसून तात्पुरते स्फटिक बनतात. चीर पडू लागली की नेमका तिच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त असतो, तिथेच हे स्फटिक होतात आणि चीर अडते. स्टायरीन-ब्युटाडाईनच्या विस्कळीत साखळ्यांना हे जमत नाही. कारखान्यातही आयसोप्रीनच्या ‘सिस’ साखळ्या बनतात, पण त्यांची जोडणी झाडाइतकी निर्दोष नसते; शिवाय झाडाच्या रबरात किंचित प्रथिनं आणि मेद असतात, त्यांचीही मदत होते. मोटारीच्या टायरमध्ये म्हणून नैसर्गिक आणि कृत्रिम अशी दोन्ही रबरं मिसळतात, आणि मालट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचा वाटा बराच वाढतो.

इतकं अवलंबून राहणं धोक्याचं आहे. आशियातल्या बहुतेक बागा १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांच्या वंशातल्या. दक्षिण अमेरिकेत पानांवरच्या एका बुरशीने मोठ्या लागवडी जगू दिल्या नाहीत. हेन्री फोर्डने ब्राझीलमध्ये १९२८ पासून वसवलेलं फोर्डलँडियासुद्धा तिच्या तावडीतून सुटलं नाही. ती बुरशी आशियात आली तर केरळपासून इंडोनेशियापर्यंतच्या बागा संकटात येतील. म्हणूनच ग्वायूल या मेक्सिकोच्या वाळवंटी झुडपावर आणि डँडेलियनच्या मुळांवर संशोधन चालू आहे. जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने डँडेलियनच्या रबराचा सायकल टायर २०१९ मध्ये बाजारात आणला.