बारा माणसांत सोळा मिनिटे, चौदांत छप्पन्न

सरकारी रुग्णालयातली केसपेपरची एक खिडकी घ्या. एका रुग्णाची नोंद करायला सरासरी ४ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला १५ जणांचे काम होऊ शकते. तासाला १२ जणच येत असतील तर रांग लागायचे कारण काय, असे कोणालाही वाटेल. पण ओघ असाच चालू राहिला, तर नेहमीच्या सूत्राप्रमाणे प्रत्येकाला सरासरी १६ मिनिटे ताटकळावे लागते. तासाला १३ जण आले की २६ मिनिटे, १४ आले की ५६. आणि १५ झाले की रांग वाढतच जाते.

याचे कारण असे, की रुग्ण घड्याळ लावून येत नाहीत. एसटी आली की एकदम आठ जण उतरतात, मग बराच वेळ कोणी फिरकत नाही. कोणाचा जुना केसपेपर असतो, मिनिटात काम होते. कोणाचे आधार कार्ड घरी राहिलेले असते. खिडकीचा मोकळा गेलेला वेळ साठवता येत नाही, गर्दी मात्र साचून राहते. ती उपसायला जो मोकळा वेळ लागतो, तोच प्रत्येक वाढत्या माणसागणिक आटत जातो.

हे गणित प्रथम मांडले डेन्मार्कच्या आग्नेर एरलांग यांनी. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागले. तेव्हा कॉल हाताने जोडले जात. किती लाइनी आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे ग्राहकाला फार थांबावे लागणार नाही, हा कंपनीपुढचा रोकडा प्रश्न होता. एरलांग यांचा पहिला निबंध १९०९ चा. त्यांची गाजलेली सूत्रे १९१७ ची. टेलिफोनवरचा भार मोजण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

आपल्या कार्यालयांनी त्यांच्याकडून पहिली गोष्ट शिकायला हवी ती मोकळ्या वेळाबद्दल. तासाला १२ जण येतात तेव्हा कारकून सरासरी १२ मिनिटे रिकामा असतो. १४ येतात तेव्हा चारच मिनिटे. त्याला रिकामा पाहून वरिष्ठ दुसरे काम देतात किंवा एक खिडकी बंद करतात. ही काटकसर नव्हे. वाचलेल्या आठ मिनिटांची किंमत रांगेतला प्रत्येक माणूस चाळीस मिनिटे जास्त उभा राहून भरतो, आणि त्याची बुडालेली रोजंदारी कोणत्याच हिशेबवहीत चढत नाही.

दुसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. दोन खिडक्या, दोन रांगा आणि प्रत्येकीत तासाला १४ माणसे असतील, तर थांबणे ५६ मिनिटांचे. त्याच दोन खिडक्यांपुढे एकच रांग लावा, जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जाईल. थांबणे सुमारे २७ मिनिटांवर येते. माणूस वाढवला नाही, यंत्र आणले नाही. शिवाय मागून आलेला शेजारच्या रांगेतून पुढे निघून गेला, ही चीडही उरत नाही. बँकेतले टोकन हीच एक रांग, फक्त बसून. म्हाताऱ्यांसाठी आणि गरोदर बायांसाठी तर टोकनच हवे.

व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये मांडले, की किती वेळ लागेल ते ठाऊक नसले, कारण कळले नाही किंवा हाताला उद्योग नसला, की तेवढेच थांबणे जास्त लांब वाटते. वारकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते आणि लोक अभंग म्हणत पुढे सरकतात. तिथे पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. कमी वेळाचे काम जास्त वेळाच्या कामामागे अडकू न देणे हा रांगांच्या शास्त्रातलाही जुना नियम आहे.

किती वेळ लागेल हे सांगणेही अवघड नाही. खिडकी तासाला १५ जणांचे काम करते आणि तुमच्या पुढे ३० जण आहेत, तर साधारण दोन तास. हा अंदाज फळ्यावर खडूने लिहिता येतो. तेवढा लिहिला, तरी मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली बाई त्याला खाऊ घालून येऊ शकते.

म्हणून पुढच्या वेळी तक्रारवहीत ‘कर्मचारी हळू काम करतो’ एवढेच लिहून थांबू नका. सगळ्या खिडक्यांना मिळून एक रांग करा, गर्दीच्या तासांत एक खिडकी वाढवा आणि किती वेळ लागेल ते फळ्यावर लिहा, या तीन मागण्या नाव आणि तारीख घालून लिहा.