शैक्षणिक उपकरणांचा औद्योगिक अभिकल्प : किंमत आणि वापराची परिस्थिती

प्रस्तावना

औद्योगिक अभिकल्प, म्हणजेच इंडस्ट्रियल डिझाइन, म्हणजे उपकरणाचे बाह्यरूप आकर्षक करणे, असा समज रूढ आहे. वस्तुतः वापरणारी व्यक्ती, वापराचे ठिकाण, उत्पादनपद्धती आणि दुरुस्ती यांचा एकत्रित विचार म्हणजे अभिकल्प होय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. प्रस्तुत लेखात दोन शैक्षणिक उपकरणांच्या आधारे या संकल्पनेचे विवेचन केले आहे.

एक्सओ लॅपटॉप

'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाच्या एक्सओ लॅपटॉपचा भारतातील प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातील एका लहान प्राथमिक शाळेत सुरू झाला. इव्ह बेहार यांच्या अभिकल्पात वापराची परिस्थिती केंद्रस्थानी होती. धूळ व पाणी आत जाऊ नये म्हणून कळफलक अखंड रबरी होता. पडदा भर उन्हात कृष्णधवल स्वरूपात वाचता येत असे. हार्ड डिस्क व पंखा नसल्याने वीज कमी लागे. दोन 'कान' उघडले की अँटेना होत आणि मिटले की जोडणीची छिद्रे झाकत. मात्र १०० डॉलर हे किमतीचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. २००७ मध्ये ती १८० डॉलरच्या पुढे गेली.

आकाश टॅब्लेट

५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर झालेल्या 'आकाश'मध्ये किमतीस अग्रक्रम होता. शासनाची खरेदी किंमत सुमारे २,३०० रुपये होती. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दाब देऊन चालणारा रेझिस्टिव्ह पडदा होता. संथ गती व अल्पकाळ टिकणारी बॅटरी यांवर टीका झाली. पुढे प्रकल्पाची धुरा मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेकडे आली. नोव्हेंबर २०१२ मधील 'आकाश २'मध्ये १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर व बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा कपॅसिटिव्ह पडदा होता. किंमत मात्र जवळपास तीच राहिली. दरम्यान सुटे भाग स्वस्त झाले होते, हे खरे. तथापि काय मागावे याविषयीच्या निकषांतील बदलही तितकाच महत्त्वाचा होता.

निष्कर्ष

केवळ परिस्थितीचा विचार केल्यास उपकरण महागते आणि केवळ किमतीचा विचार केल्यास ते कपाटात पडून राहते. महाविद्यालयीन खरेदीत न्यूनतम दराची निविदा बहुधा निर्णायक ठरते. गगनबावडा, शाहूवाडीसारख्या अतिवृष्टीच्या तालुक्यांत आर्द्रता आणि खंडित वीजपुरवठा हेही निकष ठरावेत. बॅटरी बदलता येते काय, सुटे भाग कोल्हापुरात मिळतात काय, देवनागरी टंकलेखन सुलभ आहे काय, हे प्रश्न निविदेच्या मसुद्यातच समाविष्ट असणे आवश्यक आहे. हे निकष वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच ठरविणे इष्ट होय.