शिवराईची पारख

देव्हाऱ्यांत किंवा आजीच्या बटव्यांत एखादी तांब्याची शिवराई सांपडली, कीं घरांतील मंडळी प्रथम तिला चिंच लावून घासावयास बसतात. नाण्याचा खरा घात होतो तो येथेंच. दीर्घकाळाच्या हवेनें तांब्यावर जो काळसर, तपकिरी थर चढतो, तो मळ नव्हे. तेंच नाण्याचें कवच होय. आंबट रसानें तें कवच जातें आणि त्याबरोबर अगोदरच झिजलेलीं अक्षरेंहि.

शिवराई ओळखणें अवघड नाहीं. एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’, आणि भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ. ठसा मोठा व चकती लहान, म्हणून एखादें अक्षर कांठाबाहेर गेलेलें असतें. तें खोटेपणाचें लक्षण नव्हे.

मोल करतांना मात्र भावनेस आवर घालावा. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रूढ झालेलें हें नाणें पुढें पेशवाईंतहि अनेक टांकसाळींतून निघत राहिलें. मधोमध दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ तर पेशवाईच्या उत्तरकाळांतली. तेव्हां प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतली नसते. साधी शिवराई आजहि विपुल मिळते; तिची किंमत अक्षरें किती पूर्ण व स्पष्ट आहेत यावर ठरते.

नाणें कडेनें धरावें, धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी व कोरड्या जागीं ठेवावें. फिकट हिरवी भुकटी पडूं लागल्यास तें नाणें इतरांपासून तत्काळ वेगळें करून जाणत्यास दाखवावें. चिंच पितळेच्या भांड्यांसाठीं राखावी. शिवराईचें तेज तिच्या काळेपणांतच आहे.