पावसाळाभर उभी राहिलेली पिकअप

काजूचा हंगाम आटोपला की खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या पिकअप गोठ्याशेजारी पत्र्याखाली लागतात. त्यांच्यावरची ताडपत्री निघते ती थेट खंडेनवमीला, पूजेसाठी. मध्ये चार महिने आमच्या पश्चिम भागातला पाऊस. किल्ली फिरवावी तर गाडी हूं की चूं करत नाही. मग घरातला प्रत्येक जण येऊन एकेकदा सेल्फ मारून बघतो, बॅटरी पार बसते आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी म्हणतं, ‘काय राहिलंय हिच्यात, घालवून टाका.’ भंगारवाल्याला हे वाक्य लांबून ऐकू येतं. चालू गाडीचा भाव आणि वजनावरचा भाव यांतला फरक, ज्यांनी गाडी विकली आहे त्यांना सांगायला नको.

हे लिहितोय ते यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांबद्दल. नव्या कॉमन रेलच्या गाडीत घरी पान्हा घालू नये, ती मेकॅनिककडेच न्यावी.

किल्लीला हात लावण्याआधी बॉनेट उघडा. सावकाश उघडा, आत धामणही बसलेली असू शकते. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय का, हे बघा. ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी वाढलेली असली, तर इंजिनात पाणी किंवा डिझेल उतरलंय. अशी गाडी सुरू करू नये.

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली फिरवा आणि कान द्या. बोनेटखालून नुसतं ‘टक’ झालं, किंवा ‘टकटकटक’ होऊन दिवे मंद झाले, तर दोष बहुतेक बॅटरीचा किंवा तिच्या जोडणीचा. उभी असलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. भरलेल्या बॅटरीवर मीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. १२च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजा. पण नवी आणायला धावू नका. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर क्लॅम्प काढून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा वापरून घासा. बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थची पट्टीही घासा, तिला सगळेच विसरतात. बॅटरी चांगली असूनही नुसतं ‘टक’च होत असेल, तर मात्र स्टार्टर उतरवून बघावा लागतो.

शेजारच्या गाडीवरून करंट घ्यायचा तर ट्रॅक्टर चालतो, तो १२ व्होल्टचा असतो. मोठ्या ट्रकवरून घेऊ नका. बहुतेक ट्रक २४ व्होल्टचे असतात. आधी प्लसला प्लस जोडा. मायनसचं शेवटचं टोक मात्र बसलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो.

खरा घोळ होतो तो सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी धरत नाही तेव्हा. अशा वेळी एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघावं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग, हवेचा मार्ग, कॉम्प्रेशन, नोझल या बाजूने शोधा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं इंजिन संशयातून सुटतं, आणि तरी धुराकडे बघणारे फार थोडे.

गेल्या वर्षी जांबोटीकडच्या एका मामांच्या पिकअपचं असंच झालं. सेल्फ फिरतो, धूर नाही. एका मेकॅनिकने गाडी न बघताच पंप उतरवायचा खर्च सांगितला आणि मामा विकायच्या गोष्टी करू लागले. बेळगावात उद्यमबागेच्या कृपेने प्रत्येक खानदानात एक तरी लेथवाला असतो. मामांचा भाचा तसा. त्याने आधी स्टॉपचं बटण पूर्ण आत आहे का, गंजलेली केबल पंपाकडे अडकलीय का ते पाहिलं. ते ठीक होतं. (बटणाऐवजी पंपावर विजेचा सोलेनॉइड असेल, तर किल्ली ऑन करताच तो ‘टिक’ करतो, नाही केला तर फ्यूज आणि वायर बघावी.) मग त्याने फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल केला आणि हातपंप दाबत राहिला. डिझेलबरोबर बुडबुडे येत राहिले, थांबेचनात. म्हणजे टाकी आणि फिल्टरच्या मध्ये कुठून तरी हवा खेचली जात होती. टाकीजवळचा रबरी पाइप क्लिपखाली तडकला होता. तिथून डिझेल बाहेर येत नव्हतं, हवा मात्र आत जात होती, म्हणून तो कुणाला दिसला नाही. वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा, फिल्टरच्या तळाचं पाणी काढलं, बुडबुडे जाईपर्यंत पंपिंग केलं. पंपाला कुणी हातही लावला नाही आणि गाडी तिसऱ्या सेल्फला उठली.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं, नाहीतर स्टार्टर जळतो. हवेच्या तोंडात ईथरचा स्प्रे मारायची सवय वाईट. हीटर प्लग गरम असताना तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो. पेट्रोलचा बोळा तर नकोच. उतारावरून ढकलून सुरू करायची हौस असेल तर आधी ब्रेक लागतोय का ते बघा. चार महिन्यांत पेडल खाली गेलेलं असू शकतं.

इंजिन उठलं की लगेच रेस देऊ नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर बंद करा. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे शू ड्रमला चिकटलेले असतात. जोर लावून गाडी ओढू नका, चाक काढून ड्रमवर हलके ठोकून सोडवा. टायरची हवा भरा आणि अंगणातच दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहा.

पुढच्या मृगाआधी गाडी लावताना टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत हवेतलं बाष्प थंड होऊन पाणी साचतं. बॅटरीचा मायनस काढा, हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावा, आणि पत्र्याखालच्या भाताच्या पेंढ्या दुसरीकडे हलवा. उंदीर येतात ते पेंढ्यांसाठी, वायर नंतर खातात.